भिंतीबाहेरचा बँड

"इधर डेड इंजिन का टेप बजता है?"

रमजानच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवर एक गोरा म्हातारा उभा होता. हातात कापडी टोपी, खांद्याला पिशवी, पायात नवे कोरे बूट. आम्ही दहा-बारा जण आत बसलेलो. माणूस अनोळखी होता, पण आवाज सगळ्यांनी ओळखला. जाड, खर्जातला, गंजलेल्या बिजागरीसारखा. दर डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी आम्ही याच फळ्यांवर बसून तो आवाज ऐकत आलो होतो.

वसंत बऱ्हाटे आधी उठला. मालगाडीवर गार्ड होता तो, आणि शिट्टी फुंकून फुंकून त्याला साधं बोलायचं माहीत राहिलं नव्हतं.

"डेस्मंड रिकेट?" तो ओरडला.

"हां. वही."

"काय रे भो! अरे, डेस्मंड आला! खुद्द डेस्मंड!" बऱ्हाटेनं त्याला मिठी मारली. म्हातारा जरा अवघडला, मग हसला. रमजाननं चहा सांगितला. कुणीतरी स्टूल पुसून पुढं केलं. मी जागेवरच बसून त्याच्या तोंडाकडं बघत राहिले.

डेड इंजिन म्हणजे काय ते सांगते. आमचं गाव रेल्वेचं जंक्शन. एका बाजूला साहेबांची कॉलनी, तिला तारेचं कुंपण, आणि दुसऱ्या बाजूला खलाशी लाइन, म्हणजे रेल्वेच्या मजुरांची वस्ती, तिला काहीच नाही. कॉलनीत अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांची घरं होती. साठ साल सरत आलं तेव्हा त्यांच्यातल्या चार पोरांनी बँड काढला. जे इंजिन स्वतः चालत नाही, दुसऱ्यानं ओढून न्यावं लागतं, त्याला रेल्वेत डेड इंजिन म्हणतात. नाव तिथूनच. कॉलनीतल्या क्लबच्या कमिटीला जोडीनं नाचायचं संगीत पाहिजे होतं आणि ही पोरं स्वतःची गाणी वाजवायची. कमिटीनं त्यांना हॉलमधून हाकललं. मग ते क्लबामागच्या कोळशाच्या खोलीत वाजवायला लागले. ती खोली अर्धी जमिनीत होती आणि तिला जमिनीलगत हातभर खिडकी होती.

त्या खिडकीबाहेर आम्ही. खलाशांची, पॉइंट्समनची, भंगी लाइनीतली पोरं. कुंपणाखालून सरपटत जायचं आणि पोटावर पडून ऐकायचं. खिडकीत गोणपाट कोंबलेलं असे, त्यामुळे दिसायचं काही नाही. पण जमीन हलायची. ढम... ढम... छातीत शिरायचं. शब्द इंग्रजी, ते कळायचे नाहीत. गाण्यांना आम्हीच नावं दिली होती. एक 'लंगडं', एक 'राखेचं', आणि सगळ्यांचं आवडतं 'बोगदा'. 'बोगदा' म्हणजे बोगद्यात गाडीखाली सापडलेल्या माणसाचं गाणं, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. इतकं जड, इतकं सावकाश दुसरं कशाचं असणार?

माझा बाप लोको शेडमध्ये खलाशी होता. इंजिनाच्या पोटातली राख ओढायचा. घरी आला की बोलायचा नाही, भिंतीला टेकून नुसता श्वास घ्यायचा. 'बोगदा' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी माझ्या बापाचा श्वास वाजवतंय. मी तेरा-चौदा वर्षांची असेन. माझ्या बापाबद्दल या जगात कुणी एक अक्षर लिहिलं नव्हतं, कुणी त्याला धड नावानं हाक मारत नव्हतं, आणि साहेबांची पोरं त्याचं गाणं करत होती. मग मी त्यांच्यावर जीव टाकीन नाही तर काय करीन? बाप गेल्यावर मी त्याच्या जागेवर शेडमध्ये लागले. मारणाऱ्या नवऱ्याला सोडलं, तेही याच गाण्याच्या जोरावर. कुणाला हसायचं असेल तर हसा.

पुढं बँड फुटला. कॉलनीतली माणसं ऑस्ट्रेलियाला गेली. क्लबाचं भंगार विकलं गेलं, त्यात रमजान पिंजाऱ्याला एक मोडकं टेप मशीन आणि स्पूलवरची एक टेप मिळाली. टेपवर डेड इंजिन होतं. जगात तेवढंच उरलेलं. त्या टेपवरून जळगावपासून अकोल्यापर्यंत किती पोरं गिटार धरायला शिकली, त्याला गणती नाही. यायची, फळ्यांवर बसायची, ती जड चाल कानात भरून घेऊन जायची. वरातीच्या बँडवाल्यांनीसुद्धा ती उचलली होती. आमच्याकडं नवरदेवाचं घोडं जेवढं हळू चालतं तेवढं कुठंच चालत नसेल.

चहा झाला. डेस्मंडनं घसा खाकरला.

"मैं टेप के लिए आया हूँ," तो म्हणाला. "पर्थ में एक कंपनी है, पुराना म्यूझिक निकालती है. उनको डेड इंजिन का रेकॉर्ड निकालना है. नॉएल मर गया, आयव्हर मर गया, तीसरे का पता नहीं. मैं अकेला बचा. टेप कहीं नहीं मिला. फिर किसी ने बोला, उधर जंक्शन पे एक रेडियोवाला है." त्यानं आमच्याकडं पाहिलं. "शाम की गाडी से मुंबई. टेप साथ ले जाऊँगा."

"न्यायची?" बऱ्हाटेचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "म्हणजे कायमची?"

"ओरिजिनल लगता है उनको."

रमजाननं स्पूलवर हात ठेवला. तो नेहमीच कमी बोलायचा. दिवसभर दुसऱ्याच्या रेडिओला बोलतं करायचं, हाच धंदा. माझ्याकडं बघून म्हणाला, "आधी ऐकू या. मग बघू."

टेप गेली तर आमच्याकडं काय उरणार होतं? काही नाही. आणि दिली नाही तर ज्याचा आवाज त्यालाच नाही म्हणायचं. हे दोन्ही माझ्या डोक्यात एकदम आलं आणि मी तिथंच ठरवलं, की रमजान म्हणतो तसं, आधी ऐकू, मग बघू.

रमजाननं स्पीकरची पेटी उचलून फळ्यांवर पालथी ठेवली. आम्ही चपला काढल्या आणि तळवे फळ्यांवर टेकवले. दुकान नाल्यावर होतं, खाली पोकळ, त्यामुळे आवाज सरळ हाडात चढायचा.

"ये क्या करते हो?" डेस्मंड म्हणाला. "स्पीकर उल्टा?"

"आमची रीत आहे," मी म्हणाले. "हात टेकवा."

त्यानं हसत हसत हात टेकवले. मशीन सुरू झालं. ढम... ढम... आणि मग तो आवाज, जमिनीखालून वर येणारा. 'बोगदा'. बऱ्हाटेनं डोळे मिटले. मीही मिटले. सगळं नेहमीसारखं होतं, आणि शिवाय ज्याचं होतं तो समोर बसलेला. मला वाटलं, आता मेले तरी चालेल.

डोळे उघडले तर डेस्मंडच्या कपाळावर आठ्या.

"ये कौन है?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"ये गा कौन रहा है?"

"तुम्हीच की!"

"मैं?" त्याला आधी हसू आलं, मग ते थांबेचना. "अरे, ये तो भैंस है! ये मशीन स्लो है, मॅन. बहुत स्लो. हम ऐसा नहीं बजाते थे. हम फास्ट थे. लडकियाँ डान्स करती थी!"

कुणी हसलं नाही. रमजाननं मशीन बंद केलं.

"मशीन बरोबर आहे," बऱ्हाटे म्हणाला. "साहेब, तुम्ही विसरला असाल. वय झालं."

"मेरा गाना है, बाबा. मैं भूलूँगा?"

"विसरलात!" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "आम्ही ऐकलंय तुम्हाला. या टेपवर नाही, तेव्हाच. खोलीत वाजवत होता तेव्हा. असंच होतं. तुमचा आजचा आवाजसुद्धा असाच आहे."

"आज का आवाज सिगारेट का है, बहनजी. बीस साल का था तब चिडिया जैसा गाता था."

रमजान खाली मान घालून बसला होता. मग म्हणाला, "इंदू, एक सांगू का? मशीन आणलं तेव्हा त्यात मोटरची पुली नव्हती. आठवतंय?"

मला आठवत होतं. सगळ्यांनाच आठवत होतं. तेव्हा रमजानला रेडिओ येत होता, टेप मशीन येत नव्हतं. शेडमधल्या लेथवरच्या टर्नरकडून त्यानं पितळी पुल्या करून आणल्या, एकाहून एक लहान. एकेक बसवून बघायचा आणि आम्ही सगळे इथंच बसून सांगायचो. नाही, अजून हळू. अजून जड. अजून जरा. शेवटी एक बसली आणि बऱ्हाटे ओरडला, हेच! हेच ते! त्या दिवशी आम्ही भरीत-भाकरी केली होती.

"किसके कान से सेट किया?" डेस्मंडनं विचारलं.

"आमच्या," रमजान म्हणाला. "जसं ऐकलं होतं तसं."

"कहाँ से सुना था? आप लोग अंदर तो..." आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो खुशीत आला. "ओ! बाहर से! खिडकी के बाहर! हाँ हाँ, खलासी लाइन के छोकरे लेट जाते थे उधर, पूरी लाइन. नॉएल को चिढ आती थी. बोलता था, ये लोग घूरते हैं तो मजा नहीं आता. तो मैं बोरा ठूँस देता था. अच्छे से, कोना-कोना. बोरे में से तो बस ढम-ढम ही बाहर जाएगा ना! बाकी सब अंदर. इसीलिए आप लोगों को..."

तो बोलता बोलता थांबला. आमच्या तोंडांकडं त्यानं एकेक करून पाहिलं. बऱ्हाटेकडं, रमजानकडं, माझ्याकडं. उशिरा का होईना, त्याला कळलं की खलासी लाइनीचे छोकरे कोण.

ते गोणपाट कमिटीच्या चौकीदारानं कोंबलंय असं आम्ही धरून चाललो होतो. चौकीदाराला आम्ही सगळ्यांनी मिळून एवढ्या शिव्या दिल्या होत्या, की तो बिचारा नरकात गेला असेल तर आमच्यामुळं.

"सॉरी," डेस्मंड म्हणाला. "बच्चे थे हम भी."

"आम्हीपण," मी म्हणाले.

रमजाननं कपाटातून चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि मशीनचं झाकण उघडलं. पुलीवर पट्टीचे वेढे द्यायला लागला. पुली जाड झाली की टेप जोरात फिरते.

"कशाला रे?" बऱ्हाटे म्हणाला. "राहू दे ना. आपल्याला काय करायचंय?"

"करायचंय," मी म्हणाले. "लाव, रमजान."

लावून बघितलं. डेस्मंड म्हणाला, अजून. रमजाननं आणखी वेढे दिले. अजून. त्या माणसानं आता पालथा स्पीकरही उचलून सुलटा केला, माझी परवानगी न घेता. मग एकदम तो उडालाच. "बस! यही है!"

दुकानात एक बारीक, गोड, पोरसवदा आवाज भरला. गिटार टिणटिण करत होती. मागं कुणीतरी हसत होतं, टाळ्या वाजवत होतं.

"नॉएल!" डेस्मंड म्हणाला. "ये नॉएल हँस रहा है!" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि तसाच तो उभा राहून नाचायला लागला. गुडघे वाकत नव्हते, तरी नाचला. दोन्ही हात हवेत धरून, जणू समोर कुणीतरी बाई आहे.

"काय गाणं आहे हे?" मी विचारलं.

"मॉरीन! मॉरीन का गाना! हम लोग तापी पे पिकनिक गए थे, वो कटलेट बनाके लाई थी. बोलता है, मॉरीन, तेरा कटलेट जल गया, फिर भी मैं खाऊँगा!"

'बोगदा' म्हणजे हे. बोगदा नाही, गाडी नाही, माणूस नाही. कटलेट.

"बिस्किटाच्या जाहिरातीसारखं वाटतंय," बऱ्हाटे हळूच म्हणाला. कुणीतरी नाकातून हसलं आणि लगेच गप्प झालं.

मी ऐकत होते. वाईट नव्हतं गाणं. चार सुखी पोरांचं गाणं होतं. त्यात माझा बाप कुठंच नव्हता. कधीच नव्हता. त्या खोलीत त्यांनी त्याला बोलावलं नव्हतं आणि गाण्यातही बोलावलं नव्हतं. इतकी वर्षं ज्यांच्यावर जीव लावला, त्यांनी हातानं गोणपाट कोंबून आम्हाला जेवढं बाहेर सोडलं, तेवढ्यातून आम्ही एक बँड उभा केला होता. तो वाजवणारे हे नव्हते. मला राग आला होता, खोटं सांगत नाही. तोंडावर टेप फेकून मारावी असा राग. पण त्या रागाच्या तळाशी काहीतरी भलतंच हाताला लागत होतं. मला गंमत वाटायला लागली होती.

गाणं संपलं. डेस्मंड धापा टाकत स्टुलावर बसला, रुमालानं तोंड पुसलं.

"अब समझा? ये डेड इंजिन है." मग एकदम नरमला. "टेप दोगे?"

"नाही!" बऱ्हाटे म्हणाला. "अजिबात नाही. गोणपाट कोंबताना विचारलं होतं का आम्हाला?"

दोघा-तिघांनी माना हलवल्या. एकानं तर दारच अडवलं. रमजान स्पूल हातात धरून बसला होता. "इंदू म्हणेल तसं," तो म्हणाला. का म्हणाला, देव जाणे. त्या दुकानात मी एकटी बाई होते म्हणून असेल, किंवा सगळ्यात जास्त मीच रडेन असं त्याला वाटलं असेल.

"देऊन टाक," मी म्हणाले.

"इंदे, वेडी का काय?" बऱ्हाटे ओरडला.

"त्यांचं आहे, त्यांना दे. कटलेट ठेवून काय करायचं आपल्याला?" मग मी डेस्मंडकडं वळले. "पण फुकट नाही मिळणार."

त्यानं खिशाकडं हात नेला.

"पैसे राहू द्या खिशात. गाणं म्हणायचं."

"कौन सा गाना?"

"बोगदा."

"वो मेरा नहीं है. मुझे आता ही नहीं."

"शिकवते."

तो आधी हसला, मग माझं तोंड बघून हसायचा थांबला. रमजानला न सांगता कळलं. त्यानं कपाटातून कॅसेट रेकॉर्डर काढला, कोरी कॅसेट घातली, आणि जमिनीवर मधोमध ठेवला. आता सांगून टाकते, डेस्मंडची रेकॉर्ड पुढं पर्थला निघाली. छापील कागदावर रमजानचे आभार मानले होते आणि नाव चुकवलं होतं. लोक त्यावर नाचले म्हणे. नाचू देत. आमच्याकडं दर वर्षी पोरं येतात ती त्यासाठी येत नाहीत, या कॅसेटसाठी येतात.

"बूट काढा," मी म्हणाले.

त्यानं नवे बूट काढले. आमच्यात येऊन फळ्यांवर बसला. बसताना त्याला वेळ लागला, बऱ्हाटेनंच हात दिला, तोंड वाकडं करून का होईना. दुकानाचं दार सताड उघडं होतं. रस्त्यावरची माणसं थांबून आत बघत होती.

बऱ्हाटेनं तळव्यानं फळीवर ठोका दिला. ढम. मग रमजाननं. ढम. मग आम्ही सगळ्यांनी. नाल्यावरचं दुकान हललं, कपाटातले स्क्रू डबीत खुळखुळले.

डेस्मंडनं तोंड उघडलं आणि सुटला. मॉरीन, मॉरीन, टिणटिण, टिणटिण.

"थांबा," मी म्हणाले. "कुठं पळताय? कुणी मागं लागलंय का?"

"आदत है, बहनजी."

"मोडा आदत. ठोका पडला की श्वास घ्यायचा. पूर्ण. मग एक शब्द. एकच. दिवसभर राख ओढून आलेला माणूस बोलतो तसा."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. आम्ही ठोका दिला. त्यानं श्वास घेतला, छाती भरून, आणि एक शब्द सोडला. मग पुढचा ठोका. दुसरा शब्द. सिगारेटनं जाळलेला तो आवाज खाली खाली गेला, फळ्यांत शिरला, माझ्या तळव्यांतून वर आला. रमजानचे डोळे मिटले. बऱ्हाटेनं ओठ दातांखाली धरले.

अर्ध्यावर डेस्मंडची लय पुन्हा जरा पुढं सरकली. त्याचं त्यालाच कळलं. तो थांबला, घाम पुसला आणि शाळेतल्या पोरासारखं विचारलं, "ठीक था?"

"बरं होतं," मी म्हणाले. "पुन्हा. पहिल्यापासून."